त्रिशलाचं फंक्शन

मिरजेच्या पानबाजाराच्या दारात एक यंत्र उभं असतं. त्याचं सरकारी नाव हातभर लांब आहे आणि ते कुणालाच पाठ नाही. आम्ही त्याला नाकाडं म्हणतो. पानांचा गठ्ठा त्याच्यापुढं ठेवला की ते त्यावरून निळसर उजेड फिरवतं, सूं करून हवा ओढून घेतं आणि पानात काय काय आहे ते ओळखून हिरवा नाहीतर लाल दिवा लावतं. हिरवा म्हणजे आत जा, लाल म्हणजे घरी जा. त्या सकाळी मला लाल लागला.

पानांच्या गठ्ठ्याला आमच्याकडे डागच म्हणतात. सगळा जन्म डाग वाहण्यात गेला, पण डाग लागला तो त्या दिवशी. रांगेतली माणसं माझ्याकडे अशी बघायला लागली, की जसं काही मी दुधात पाणी घालताना सापडलो होतो.

यंत्रापाशी बसणारी मुलगी बिचारी ओशाळून म्हणाली, "काका, सक्रिय घटक सापडलाय. लवंगतेलाच्या फवाऱ्यात असतो तो. मर्यादेच्या कितीतरी वर आहे."

"आगं बाई, आमच्या मळ्यात माझ्या आज्यानं कधी पायताण न्हेलं न्हाई, मी फवारा कुठला न्हेतोय?"

"काका, पण तिसऱ्यांदा आहे हे. आता वेल उपटून जाळायचा नियम आहे. पंधरवड्यात माणसं येतील."

खरं होतं तिचं. पहिल्यांदा लाल लागला तेव्हा मला वाटलं, यंत्र बिघडलं. दुसऱ्यांदा वाटलं, आपणच बिघडलो. तिसऱ्यांदा मी निव्वळ हट्टानं गेलो होतो. शहाण्या माणसानं तो डाग घरीच ठेवला असता.

आमचा पानमळा मिरजेच्या पूर्वेला आहे. शेवरीच्या आणि पांगाऱ्याच्या सावलीत वेल चढवलेले, आत भर उन्हाळ्यातसुद्धा अंगावर काटा येईल असा गारवा. मळ्यात शिरताना पायातलं बाहेर काढायचं, ही रीत. देवळात एखादा विसरेल, मळ्यात नाही. पान थेट माणसाच्या तोंडात जातं, त्यावर काही मारायचं नाही, हे आमच्या आप्पांचं म्हणणं. आप्पा म्हणजे आमचे वडील. मळ्यात बहुतेक सगळी कपुरी, म्हणजे मवाळ जातीची पानं. फक्त विहिरीच्या अंगाला एक ओळ आप्पांच्या हातची. तिला आम्ही तिखटी म्हणतो. लाल लागलेले तिन्ही डाग याच ओळीचे. पान लहान, काळपट हिरवं, जाडसर. देठ मोडला तरी वास हातभर जायचा. लहानपणी आम्हा भावंडांना आप्पा त्याचा शेंडा तेवढा द्यायचे, अख्खं पान नाही. तो चावला की आधी गोड, मग जिभेला चटका, मग नाकातून वाफ, आणि मग डोळ्यांतून पाणी. त्रिशला तर थयथय नाचायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात पुढं करायची.

आणि सगळ्यात झोंबणारी गोष्ट ही, की त्या नाकाड्याच्या डोक्यात जी अक्कल आहे ती याच त्रिशलाची. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीची. तिचं कौतुक म्हणून गावभर पेढे मीच वाटले होते.

ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. त्रिशला तेव्हा सांगलीला कॉलेजात होती. आमच्या शेजारचा भरमू कदम द्राक्षबागेत फवारणीला जायचा. एके दुपारी त्याला घरी आणला तो तोंडाला फेस आलेला, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. दवाखान्यात नेला. डॉक्टरनं विचारलं, काय मारत होता? त्याची बायको म्हणाली, निळ्या झाकणाचं औषध. मी म्हणालो, गदाधारी. डॉक्टर म्हणाला, अहो, गदाधारी हे दुकानातलं नाव झालं, आत काय आहे? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. भरमू वाचला, पण त्याचा उजवा हात जन्मभर लटलट कापत राहिला. चहाची बशी धरता यायची नाही त्याला.

त्रिशलाच्या ते मनाला लागलं. डब्यावर लिहिलेलं नाव दुकानदाराचं असतं, आतलं विष वेगळंच असतं, त्याला सक्रिय घटक म्हणतात, हे तिनं मला तेव्हा समजावलं. डबे हजार निघोत, आतली विषं मोजकीच. प्रत्येक विषाला जगभर एकच संकेतांक दिलेला असतो. तो कळला की विष कुठल्या कुळातलं ते कळतं आणि कुळ कळलं की उतारा कळतो. मग तिनं ठरवलं, की नाव टाकलं की संकेतांक सांगेल असं काहीतरी कॉम्प्युटरवर लिहायचं; त्याला ती फंक्शन म्हणायची. दिवाळीच्या सुट्टीत मळ्यातल्या खोपीत आम्ही दोघं बसायचो. मी पंचक्रोशीतले रिकामे डबे गोळा करून आणायचो, नावं वाचायचो, ती टाइप करायची. छापील नावं होती तशी माणसांच्या तोंडची पण. निळ्या झाकणाचं, घाणेरड्या वासाचं, मेव्हण्यानं सांगितलेलं. कडेगावच्या एका म्हाताऱ्यानं तर औषधाचं नाव "उधारीवालं" असं सांगितलं, आणि त्रिशलानं तेही घातलं.

आईला वाटायचं पोरगी लग्नाचं काहीतरी ठरवतेय. कारण पोरगी उठता बसता म्हणायची, "माझं फंक्शन अजून नीट होईना."

एकदा आईनं विचारलंच, "आगं, फंक्शन कवा हाय? माणसं किती येणार? आचारी तरी सांगितलाईस काय?"

आम्ही पोट धरधरून हसलो. पुढं ते फंक्शन खरंच नीट झालं तेव्हा आईनं शेवयाची खीर केली आणि शेजारणीला सांगितलं, की फंक्शन पार पडलं, पाहुणे मात्र कोणी आले नाहीत.

पहिल्याच दिवशी आम्हाला कळलं, की आमच्या बाजारातल्या तीन दुकानांतले तीन डबे, एक वाघाच्या चित्राचा, एक वज्राचा आणि एक बाईच्या चित्राचा, आत एकच संकेतांक घेऊन बसलेत. शेतकरी तिन्ही आणून एकामागून एक मारत होते. दुकानदारांनी आमच्याशी बोलणं सोडलं, आणि मला त्याचा आनंद झाला होता. मग तालुक्याचे डॉक्टर ते वापरायला लागले, मग जिल्ह्याचे. त्रिशला पुण्याला गेली, मोठी झाली. किती भरमू वाचले असतील त्या फंक्शनमुळे, देव जाणे. मी तिचा भाऊ आहे, हे सांगताना माझी छाती फुगायची, आणि का फुगू नये?

मग नाकाडी आली.

आधीच्या प्रयोगशाळा काय करायच्या, तर त्यांच्याकडे विषांची एक यादी असायची आणि त्यातलं एकेक विष पानात आहे का, ते शोधायच्या. नाकाड्याची रीत उलटी. ते पानातला झाडून सगळा माल ओळखतं आणि प्रत्येकाबद्दल त्रिशलाच्या फंक्शनला विचारतं, याला संकेतांक आहे का? आहे म्हणाल्यावर, आणि माल मर्यादेबाहेर असला, की लाल दिवा. नव्या चोरट्या विषांना पकडायला याच्यासारखी युक्ती नव्हती, आणि सुरुवातीला त्या युक्तीनं भलेभले पकडलेही.

तर असा तो लाल दिवा घेऊन मी घरी आलो. विमल, माझी बायको, म्हणाली, "वन्संना फोन करा की."

"करणार न्हाई," मी म्हणालो. "तिच्या यंत्रानं मला लबाड ठरवलंय. तिनंच करावा."

फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी त्रिशला स्वतःच आली. जाळायच्या मळ्यांची यादी ती जिथं अधिकारी आहे त्या मंडळाच्याच कचेरीतून निघते, आणि त्यात आप्पांचं नाव होतं, कारण सातबारा मी अजून बदललेला नव्हता. केस पांढरे झालेत आता तिचे. गाडीतून उतरली, मळ्याच्या तोंडाशी आली, आणि बोलता बोलता तिच्या पायांनी आपोआप चपला काढल्या. मला बरं वाटलं. पण ते फार वेळ टिकलं नाही.

"अण्णा, खरं सांग. लवंगतेल मारलंस?"

माणूस परक्यानं चोर म्हटलं तर भांडतो. घरच्यानं म्हटल्यावर त्याला बोलायला जागाच सापडत नाही.

"मी रागावणार नाही," ती म्हणाली. "कीड पडली असेल, नाइलाज झाला असेल. किती लोक मारतात. पण मला सांग."

"आप्पाच्या वेलावर? मी?" शेवटी माझा आवाज चढला. "त्रिशला, तुझ्या फंक्शनमधी डब्यांची नावं घालाय मी पंचक्रोशी पालथी घातली. तवा माझ्यावर इश्वास हुता. आता त्या नाकाड्यावर हाय व्हय?"

"यंत्र खोटं बोलत नाही, अण्णा."

"मग मी बोलतोय. जा, जाळ."

तिनं पिशवीतून तळहाताएवढं यंत्र काढलं आणि एकटीच तिखटीच्या ओळीकडे गेली. मी रागानं विहिरीच्या कठड्यावर बसून राहिलो. तिनं आधी जून पान तपासलं. मग धुऊन तपासलं. मग तिनं वेलाच्या टोकाची, अजून न उलगडलेली सुरळी खुडली, नखानं उघडली आणि आतून तपासली. ज्या पानानं अजून उजेड पाहिला नव्हता, त्यावर फवारा बसणार कुठून? तिनं ती सुरळी पुन्हा एकदा तपासली. मग परत आली आणि माझ्याशेजारी कठड्यावर बसली. तोंड उतरलं होतं तिचं.

"तू मारलं नाहीस," ती म्हणाली. "पानच ते तयार करतंय."

मग तिनं मला सांगितलं. युजेनॉल नावाचा एक पदार्थ आहे. लवंगेला लवंग करतो तो हाच, तुळशीत थोडा असतो, खाऊच्या पानात असतो. झाडाला पळता येत नाही, म्हणून बुरशी आणि किडीला हाकलायला झाडं तो स्वतःच बनवतात. माणसानं झाडाचीच विद्या उचलली आणि त्याचा फवारा केला. फवारा झाला म्हणून तो औषधांच्या यादीत गेला, आणि यादीत गेला म्हणून त्याला संकेतांक मिळाला. तसाच ओव्याच्या अर्काला मिळाला, लसणीला मिळाला, संत्र्याच्या सालीच्या तेलालाही.

"म्हंजे पान पानासारखं लागतंय, हा त्याचा गुन्हा?"

"तसं होऊ नये म्हणून मर्यादा ठेवली होती," ती म्हणाली. "प्रत्येक पिकात निसर्गतः किती असतं, त्याचा आकडा. तेवढं असलं तर हिरवा. आणि तो आकडा ताजा राहावा म्हणून दरवर्षी तो आपोआप नव्यानं निघतो. बाजारात पास झालेल्या पानांच्या सरासरीवरून."

असं म्हणाली आणि स्वतःच थांबली. पिशवीतून कॉम्प्युटरचा पडदा काढून तिनं मागच्या वर्षांचे आकडे मांडले. रेघ खाली खाली उतरत गेलेली होती.

मला समजावं म्हणून तिनं शाळेचा दाखला दिला. वर्गाचं दार पोरांच्या उंचीवरून ठरवायचं. दारात डोकं आपटेल ते पोर घरी पाठवायचं. पुढच्या वर्षी उरलेल्या पोरांवरून नवं दार, आणखी बुटकं. मग त्यातलीही उंच पोरं घरी. असं करता करता एक दिवस सगळी शाळा बुटक्यांची होते आणि मास्तरला वाटतं, माणसाची उंची मुळातच एवढी.

मी म्हणालो, "म्हणून व्हय आजकाल कोथिंबिरीला वास न्हाई?"

मला एकेक आठवायला लागलं. आईनं ओवा भाजला की गल्लीच्या तोंडाला कळायचं. लसूण सोललेले हात दुसऱ्या दिवसापर्यंत वास मारायचे. मुंबईचे पानवाले पूर्वी आमच्या मळ्याचं नाव विचारून डाग घ्यायचे, आणि आता जे पान जातं ते तोंडात भिजल्या कागदासारखं लागतं. मला वाटत होतं, वय झालं, जीभ गेली. विमलला म्हणायचोसुद्धा, की आपली चव मेली. चव आमची नव्हती मेली.

"कुणी केलं ग हे?"

"कुणीच नाही," त्रिशला म्हणाली. "कुणी असं ठरवलं नाही, अण्णा. तेच तर वाईट आहे."

मी तिला म्हणालो, एवढं कळलं ना, मग खोड ते युजेनॉलचं नाव. तुझं फंक्शन, तुझी लेखणी. आमच्या ओळीपुरतं तरी सोड. ती मान हलवत राहिली. ते फंक्शन आता चाळीस देशांत चालतं, त्यात एका भावासाठी भोक पाडलं तर त्यातून उद्या भेसळवाले बैलगाड्या नेतील. मर्यादा बदलायची तर समिती, पुरावे, दोन-तीन वर्षं. जुन्या पानात किती असायचं याची नोंद कुणाकडे नव्हती, कारण तेव्हा पान कुणी मोजत नव्हतं, खात होतं. ही तिखटीची ओळ हाच काय तो पुरावा, आणि तो पंधरवड्यात जळणार होता.

"भरमूदादाचा हात आठवतो का तुला?" तिनं विचारलं. "तो हात बघून मी ते लिहिलं. ते मोडता येणार नाही मला."

मला तो हात आठवत होता.

दोन दिवस ती राहिली. खोपीत बसून नियम वाचायची, फोन करायची, कुणाकुणाशी इंग्रजीत भांडायची. विमल तिला चहा नेऊन द्यायची आणि मला येऊन सांगायची, की वन्सं जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ती आली ती चेहऱ्यावर काहीतरी ठरवूनच.

"एक वाट आहे. पण तुला आवडणार नाही."

"बोल की."

"हे वेल पान म्हणून जगणार नाहीत. औषध म्हणून जगतील."

वाट अशी होती. फवाऱ्याचा कच्चा माल म्हणून काही झाडं लावायला परवानगी असते. त्यांच्यावर नाकाड्याचा अधिकार चालत नाही, कारण ती अन्नच नसतात. तिखटीची नोंद तशी केली तर वेल जाळता येणार नाहीत. कुंपण घालायचं, पाटी लावायची, पानं तोडून कारखान्याला द्यायची. समितीचा निकाल लागेपर्यंत तरी वेल जिवंत राहतील.

"आणि खायचं?"

"खायचं नाही. कायद्यानं ते विष."

मी आप्पांच्या ओळीकडे बघितलं. खालच्या पानांवर शेवरीची सावली हलत होती. ज्या माणसानं जन्मात कधी औषधाचा डबा हातात धरला नाही, त्याचीच पानं औषध म्हणून लिहायची होती. पण पान जळलं असतं तर नुसती आठवण राहिली असती, आणि आठवणीला कलम करता येत नाही. मी म्हणालो, लिही.

खोपीत तीच जुनी जागा. तिनं पडदा उघडला. फंक्शनच्या यादीत नवी भर घालायची होती, त्यात नाव भरायचं होतं.

"नाव काय लिहू? शास्त्रीय लिहिते."

"तिखटी लिही," मी म्हणालो. "उधारीवालं चालतं, तर तिखटी का चालू नये?"

ती हसली आणि तिनं 'तिखटी' लिहिलं. मग बटण दाबलं. क्षणभरानं संकेतांक आला. आमच्या आप्पांच्या पानाला जगभर ओळखतील असा आकडा मिळाला, आणि तो विषाचा होता. त्रिशलानं मग पानाच्या मर्यादेचं खातं उघडून बघितलं. तिखटीचे पूर्वी पास झालेले डाग आता पानांत धरायचे नसल्यानं ती रेघ आणखी केसभर खाली गेली होती. ती बघून त्रिशला रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसलो. आप्पा गेले तेव्हासुद्धा ती एवढी रडली नव्हती.

जाळायला आलेली माणसं कागद बघून परत गेली. कुंपण झालं, लाल अक्षरांची पाटी लागली. विषारी वनस्पती. खाण्यास मनाई. ती पाटी त्रिशलानं स्वतःच्या हातानं तारेला बांधली आणि संध्याकाळच्या आत पुण्याला गेली.

पानं आता तासगावकडच्या द्राक्षबागांवर फवाऱ्यात जातात. औषध जोरदार आहे म्हणतात. समितीचा निकाल अजून लागलेला नाही, तारखा पडतात, त्रिशला लढतेय. फोनवर आम्ही फक्त वेलांबद्दल बोलतो. ती पाल्याचा रंग विचारते, सुरळ्या कशा आहेत विचारते. चवीबद्दल तिनं कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. ती मंडळाची अधिकारी आहे. मी तिला कशाला अडचणीत घालू?

परवा दसऱ्याला ती आली. आम्ही जैन, आमच्या घरी सूर्य बुडायच्या आत जेवण होतं, तेव्हा अंथऊ, म्हणजे संध्याकाळचं जेवण, लवकर आटोपलं. विमल भांडी आवरत होती. मी मळ्यात आलो, तर त्रिशला कुंपणापाशी अनवाणी उभी. स्वतःच बांधलेली पाटी वाचत होती.

"अण्णा," ती म्हणाली, तारेतून हात पुढं करून, अगदी लहानपणी करायची तसा. "एक पान दे की रे. लवकर दे, दिवस बुडायला आलाय बघ."

"विष हाय ते," मी म्हणालो. "तुझीच पाटी हाय."

"दे म्हणते ना."

मी कुंपणाचं दार उघडलं. शेंडा नाही, अख्खं पान खुडलं, देठ मोडला, पुसून तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते घडी घालून तोंडात टाकलं. एकदा चावलं, दोनदा चावलं. मग डोळे मिटले, नाक लाल झालं, आणि साठीला आलेली माझी बहीण त्या ओल्या मातीत पाय आपटायला लागली. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"लागलं काय गं?" मी विचारलं.

"लागलं," ती म्हणाली. "अण्णा, लई लागलं रे." आणि पुन्हा हात पुढं केला.